छेदस्थानीची माणसे

रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र, म्हणजे आपल्या बोलीतील पी.एस.एम., या विषयाला विद्यार्थी फारसा मान देत नाहीत. त्यातील संख्याशास्त्राला तर नाहीच. पदव्युत्तर शिक्षणाच्या तीन वर्षांत याच विषयाचा निवासी डॉक्टर म्हणून मी आमच्या सरांचा साहाय्यक होतो. तासाला सर शिकवीत. मागाहून गणिते सोडवून घेणे, जर्नले तपासणे आणि इतर विभागांतील सहाध्यायांना प्रबंधाच्या आकडेमोडीत मदत करणे हे काम माझ्याकडे असे.

नमुना किती घ्यावा हे अभ्यास सुरू होण्यापूर्वी विचारायचे असते. पण बहुतेक मंडळी सर्व रुग्ण नोंदवून झाल्यावर, 'एवढी पी व्हॅल्यू काढून दे' म्हणत येत. शल्यचिकित्सेच्या एका सहाध्यायाला त्याच्या मार्गदर्शकांनी सुचविले होते की दोन रुग्ण वगळले तर ती ०.०५ च्या खाली येईल. मी सरांना विचारले. ते एवढेच म्हणाले, "त्या दोघांचे पुढे काय झाले, ते आधी पाहून ये." केसपेपर काढले. दोघेही घरी गेल्यानंतर जखम चिघळून परत आलेले होते. त्यांना वगळणे म्हणजे नेमके तेच लपविणे होते. प्रबंधात 'फरक आढळला नाही' असे लिहिले गेले, आणि तो मान्यही झाला.

आता राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संशोधनपद्धतीचा ऑनलाइन अभ्यासक्रम अनिवार्य केला आहे. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था तो चालविते. ही इष्ट गोष्ट होय. मात्र संख्याशास्त्र केवळ प्रबंधापुरते नाही. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख झाले, आणि भूक मोजावी कशी, या प्रश्नाचा त्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला.

आपल्या बऱ्हाणपूरचेच उदाहरण घेऊ. १६३१ साली चौदाव्या बाळंतपणात मुमताज महलचा अंत याच नगरीत झाला. तापीपलीकडे जैनाबादला तिला प्रथम दफन केले गेले. तो मृत्यू जगाला ठाऊक आहे. परंतु एका मृत्यूवरून मातामृत्यूचा दर निघत नाही. त्यासाठी त्या काळच्या सर्व बाळंतपणांची संख्या हवी. अंश हाती आहे, छेद नाही.

आजही आपली अडचण बव्हंशी छेदाचीच आहे. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०१८–२० या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे मध्य प्रदेशात १७३ माता दगावल्या, तर आपल्या शेजारच्या महाराष्ट्रात ३३. सीमेवर राहणाऱ्या आपणांस यांपैकी कोणता आकडा लागू पडतो? समजा, एका प्रसूतिगृहात वर्षाला ५०० बाळंतपणे होतात. १७३ चा दर धरला तरी वर्षाला सरासरी एकही पूर्ण मृत्यू अपेक्षित नाही; दहांपैकी सुमारे चार वर्षे एकाही मृत्यूविना जातील. म्हणून '५०० पैकी शून्य' यावर निश्चिंत होता येत नाही. शून्य आढळले असता तीनाला एकूण संख्येने भागावे, असा सोपा नियम आहे. ३ भागिले ५०० म्हणजे लाखामागे ६०० पर्यंतचा दरही या शून्याशी विसंगत ठरत नाही.

पण दहा प्रसूतिगृहांनी तीन वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या तर १५,००० बाळंतपणे होतील. १७३ च्या दराने त्यांत सुमारे २६ मृत्यू अपेक्षित, ३३ च्या दराने पाच. हा फरक ओळखता येतो. अट एकच आहे. इंदूर वा जळगावला पाठविलेली रुग्णा आपल्या नोंदवहीतून गळता कामा नये. व्याख्येप्रमाणे प्रसूतीनंतरच्या ४२ दिवसांतील मृत्यूही मातामृत्यू असतो. तेव्हा तितके दिवस तिची विचारपूस व्हावयास हवी. हे काम एखाद्या परिचारिकेच्या दूरध्वनीने होण्यासारखे आहे.

मंडळातील स्त्रीरोगतज्ज्ञ बंधु-भगिनींनी अशी सामाईक नोंदवही सुरू करावी, ही माझी नम्र विनंती. रुग्णांची नावे गुप्त राहतील, कोणत्याही रुग्णालयाची तुलना होणार नाही. आकडेमोड करून देण्याचे जुने काम मी आनंदाने पुन्हा पत्करीन.