स्प्रिंग वजन पेलते, शॉकअप उसळी आवरतो

महाडहून पाचाडमार्गे हिरकणीवाडीला, रायगड रोपवेच्या पायथ्याशी येणारी गाडी बहुधा माणसांनी भरलेली असते. रस्ता चढाचा, वळणांचा. गाडी खाली घासायला लागली की मालक गॅरेजमध्ये सांगतो, 'कडक स्प्रिंगा टाका.' एवढ्याने भागत नाही.

स्प्रिंग वजन पेलते, दबते आणि उसळते. ती उसळी शॉकअप जिरवतो; आतलं तेल बारीक छिद्रांतून जाताना हालचालीची उष्णता होते. म्हणून दोघांची जोडी जुळावी लागते. नुसती स्प्रिंग कडक केली, तर जुन्या शॉकअपला तिचा परतीचा जोर आवरत नाही. चाक रस्त्यावर नीट टेकत नाही आणि उतारावर ब्रेकची पकड सुटते. उलट शॉकअप फार कडक असेल, तर लागोपाठच्या खड्ड्यांत स्प्रिंग वर यायच्या आत पुन्हा दबते.

कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो: तार १० टक्के जाड, तर स्प्रिंग सुमारे ४६ टक्के कडक! उंच स्प्रिंगने दगड लागत नाहीत, पण आंबेनळी घाटाच्या वळणांवर गाडी जास्त कलते. स्प्रिंग कापून बसवणं तर मला सरळ धोक्याचं वाटतं.

बोलेरोला मागे गुंडाळीच्या स्प्रिंगऐवजी पाटे असतात. पाटा वाढवला की भार पेलतो, पण रिकामी गाडी आपटते. आधी शॉकअपमधून तेल गळतंय का बघा. बदलायचे तर एका आसाचे दोन्ही बदला. नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार मात्र मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार चालत नाही.