तारखेची किंमत

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे सर्वांच्या तोंडी आहे. पण ज्याचे उसने दिलेले पैसे बुडाले किंवा ज्याच्या जमिनीत शेजाऱ्याने कुंपण सरकवले, त्याने दाद मागावी तरी कोठे? शहाणा माणूस कोर्ट टाळू लागला की फायदा बुडवणाऱ्याचाच होतो. म्हणून दिवाणी न्यायातील विलंब हा केवळ वकील-न्यायाधीशांचा प्रश्न नव्हे. तो तुमचा-आमचा आहे.

दाव्याचा क्रम तसा सरळ आहे. वादी दावा दाखल करतो, प्रतिवादीवर समन्स बजावले जाते, तो आपली कैफियत देतो, न्यायाधीश वादाचे मुद्दे काढतात, साक्षीपुरावा व उलटतपासणी होते, आणि युक्तिवादानंतर निकाल लागून हुकूमनामा होतो. यांतील एकही पायरी अनाठायी नाही. दुसऱ्या बाजूचे ऐकल्यावाचून दिलेला निकाल हा न्यायच नव्हे. वेळ जातो तो मुख्यतः पायऱ्यांच्या मधल्या तारखांत.

यावर कायद्यात उपाय नाहीत असे नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत २००२ पासून मोठे बदल अमलात आले. कैफियतीला तीस दिवसांची, फार तर नव्वद दिवसांची मुदत ठरली. सुनावणी चालू असता एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत असे ठरले. साक्षीदाराची सरतपासणी प्रतिज्ञापत्रावर होऊ लागली. पण २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की कैफियतीची मुदत सक्तीची नसून मार्गदर्शक आहे आणि पक्षकाराच्या हाताबाहेरचे कारण असेल तर चौथी तहकुबीही देता येईल. त्यामागचा विचार योग्यच होता. आजारी माणसाचा हक्क केवळ एका तारखेपायी बुडू नये. मात्र न्यायालयाने अपवादासाठी दार किलकिले ठेवले होते. व्यवहारात ते सताड उघडले गेले.

असे का झाले? तारीख मागणाऱ्याला ती जवळजवळ फुकट पडते म्हणून. समजा, वादीचा साक्षीदार मजुरी बुडवून, एसटीचे भाडे खर्चून तालुक्याच्या गावी आला, आणि त्याच दिवशी प्रतिवादीने मुदतीचा अर्ज दिला. तो मंजूर झाला की साक्षीदाराचा दिवस वाया गेला. प्रतिवादीचे मात्र काहीच बिघडले नाही. उलट वादातील जागा तितके दिवस त्याच्या ताब्यात राहिली! अशा वेळी दुसऱ्या बाजूचा त्या दिवसाचा खर्च भरून द्यायला लावण्याचा आणि तो भरल्यावाचून त्या पक्षाला पुढे चालू न देण्याचा अधिकार १९७६ च्या दुरुस्तीने न्यायाधीशांना दिला आहे. तो नेमाने वापरला पाहिजे. खोटा दावा वा खोटा बचाव करणाऱ्याकडून मिळायच्या भरपाईची कमाल मर्यादा मात्र सामान्य दाव्यांत आजही तीन हजार रुपये, म्हणजे १९७६ साली ठरली तेवढीच आहे. ती काढून टाकावी. मोठ्या व्यापारी वादांपुरती ती २०१५ च्या कायद्याने काढलीच आहे. त्याच कायद्याने त्या वादांत पुढील टप्प्यांचे वेळापत्रक आरंभीच ठरवण्याची आणि एकशेवीस दिवसांनंतर कैफियत न घेण्याची पद्धत घातली. व्यापाऱ्याला जे मिळाले, ते शेतकऱ्याला व भाडेकरूला का मिळू नये?

अर्थात नियमांनी सारे साधणार नाही. दहा लाख वस्तीमागे पन्नास न्यायाधीश असावेत अशी शिफारस विधी आयोगाने १९८७ साली केली. आपण अजून तिच्या निम्म्यावरही पोचलेलो नाही. शिवाय हुकूमनामा हाती आला की त्याच्या बजावणीची दरखास्त पुन्हा नव्याने सुरू होते. पक्षकाराच्या खऱ्या अडचणी हुकूमनाम्यानंतरच सुरू होतात, अशी टीका प्रिव्ही कौन्सिलने १८७२ सालीच केली होती. दरखास्त सहा महिन्यांत निकालात काढावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले आहे. न्यायाधीश, कारकून व बेलिफ पुरेसे असल्याखेरीज तेही कागदावरच राहील.

तरीही एक सुधारणा आजच, नवा कायदा न करता होण्यासारखी आहे. तारीख मागणाऱ्याने तिची किंमत त्याच दिवशी मोजावी. मग बुडवणाऱ्याला वेळकाढूपणा परवडणार नाही, आणि शहाण्यालाही कोर्टाची पायरी चढण्याचे भय वाटणार नाही.