शांत जळावरील एकट्याची होडी

नागपूर हें तळ्यांचें शहर आहे. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, सोनेगांव, सक्करदरा, गांधीसागर अशीं नांवें घेतलीं कीं, कोणाहि नागपूरकराच्या डोळ्यांपुढें सायंकाळचें संथ पाणी उभें राहतें. अशा पाण्याच्या कांठीं बसणाऱ्याच्या मनांत एक इच्छा सहज उद्भवते : या जळावर एकट्यानें जावें, सोबत्यांचा गलबला नको, यंत्राचा आवाज नको. ही इच्छा पुरविणारी जी चिंचोळी होडी, तिला ‘कयाक’ म्हणतात. पर्वतांतील सरोवरांवर ती फार आवडीनें चालविली जाते आणि आतां आपल्या देशांतील जलाशयांवरहि ती दिसूं लागली आहे. तिचें शास्त्र समजण्यास कठीण नाहीं. परंतु तें न समजतां पाण्यावर जाणें मात्र महागांत पडतें. संथ पाणी माणसाला जितकें निर्धास्त करतें, तितकें निर्धास्त होण्याजोगें तें नसतें, हेंच येथें सांगावयाचें आहे.

कयाक हें नांव आणि ही होडी, दोन्ही उत्तर ध्रुवाकडील इनुइट लोकांचीं. त्या हिमप्रदेशांत झाडें नाहींत. समुद्रानें वाहून आणलेल्या लांकडाचा किंवा हाडांचा सांगाडा करून त्यावर ते सीलचें कातडें ताणून शिवीत. वरची बाजूहि झांकलेली. मध्यें माणसाची कंबर जेमतेम मावेल एवढेंच भोंक. त्यांत बसून शिकारी आपला चामडी अंगरखा भोंकाच्या कडेला आवळून बांधी, म्हणजे लाट अंगावरून गेली तरी थेंबभर पाणी आंत शिरत नसे. उमियाक नांवाची मोठी उघडी होडी कुटुंबाची. कयाक मात्र एकट्या शिकाऱ्याची.

आपल्याकडे वैनगंगेच्या खोऱ्यांत आणि भंडारा-गोंदियाकडील मोठमोठ्या तलावांत ढिवर समाजाचा डोंगा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. एका भल्या मोठ्या झाडाचें खोड पोखरून पारंपरिक डोंगा करितात. तो वरून उघडा असतो, कयाक झांकलेली. डोंगा बांबूनें रेटतात किंवा एका वल्ह्यानें वल्हवितात. कयाकला दोन्ही टोकांस पातीं असलेलें एकच वल्हें लागतें. परंतु दोहोंचें मर्म एक आहे. दोन्ही लांब, अरुंद, पाण्याशीं जवळीक ठेवणाऱ्या. आणि दोन्हींत बसणाऱ्याच्या अंगाचा तोल हाच होडीचा तोल. ढिवर उभ्यानें डोंगा हांकतो, तें पाहून नवख्यास तें सोपें वाटतें. पण त्या उभें राहण्यामागें लहानपणापासूनचा सराव असतो. नवख्यानें त्याचें अनुकरण करावयास जाऊं नये.

होडी तरते कशी व उलटते कशी, हें आतां पाहूं. तरंगणाऱ्या वस्तूवर दोन जोर काम करीत असतात. एक तिचें वजन. तें तिच्या गुरुत्वमध्यांतून खालीं ओढतें. दुसरा पाण्याचा रेटा. होडीनें जेवढें पाणी बाजूस सारलें असेल त्याच्या मध्यांतून तो वर ढकलतो. होडी एका अंगास कलली कीं, त्या अंगाचा अधिक भाग पाण्यांत जातो, म्हणून पाण्याचा रेटाहि तिकडे सरकतो आणि कललेली बाजू पुनः उचलून धरतो. माणसाचें वजन जोंपर्यंत या रेट्याच्या आंतल्या बाजूस आहे, तोंपर्यंत होडी सांवरते. वजन रेट्याच्या पलीकडे गेलें कीं, तोच रेटा तिला उलटविण्यास मदत करतो. कापसानें उंचच उंच भरलेली बंडी उतरणीवर कलंडते. तेवढ्याच वजनाचे दगड तळाशीं भरले तर कलंडत नाहीं. कारण पहिलींत वजन उंचावर आहे, दुसरींत खालीं. माणूस होडींत उभा राहिला कीं तीच होडी कापसाची बंडी बनते.

कयाकचें सगळें चातुर्य येथें आहे. तिचें आसन जवळजवळ तळालाच टेकलेलें असतें. पाय पुढें पसरलेले, गुडघे वरच्या आच्छादनाला आंतून टेकलेले आणि कंबर आसनांत घट्ट बसलेली. या होडींत माणूस बसत नाहीं, तर ती अंगांत घालतो, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. कंबर थोडी हलविली कीं होडी हलते. गुडघा उचलला कीं ती सांवरते. रुंद होडी प्रथम स्थिर वाटते, पण वजनवाढ व धांवाधांव यांनीं फसते. अरुंद कयाक प्रथम डगमगते, पण शरीराशीं एकजीव झाल्यावर ऐकूं लागते.

वल्ह्याचेंहि एक गमक आहे. खांद्यावरच्या कावडीप्रमाणें त्याला दोन बाजू असतात. एक पातें पाण्यांत असतां दुसरें हवेंत असतें. डावें, मग उजवें, अशी लय चालू राहते. नवशिका नुसत्या हातांनीं ओढतो व पाव घटकेंत थकतो. जाणता मनुष्य पातें पायाजवळ पाण्यांत घालून कंबरेपासून पाठ वळवितो. म्हणजे काम हातांवर न पडतां धडाच्या मोठ्या स्नायूंवर पडतें. होडी उजवीकडे वळवावयाची असेल तर डाव्या बाजूस लांब, रुंद फटकारा द्यावा, ही पहिली शिकवण.

इनुइट शिकाऱ्याची ही होडी युरोपच्या सरोवरांवर सहलीसाठीं आणली ती जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश बॅरिस्टरानें. १८६५ सालीं त्यानें ओक लांकडाची, वर देवदारी आच्छादन असलेली १५ फूट लांबीची होडी करविली, तिला ‘रॉब रॉय’ असें नांव दिलें आणि ऱ्हाइन व डॅन्यूब या नद्यांतून, तसेंच झुरिक, लुसर्न अशा आल्प्सच्या परिसरांतील सरोवरांतून एकट्यानें प्रवास केला. पाणी संपेल तेथें होडी आगगाडींत किंवा बैलगाडींत घालावी व पुढच्या पाण्यावर पुनः सोडावी, अशी त्याची रीत होती. त्याचें प्रवासवर्णन पुढील वर्षीं प्रसिद्ध झालें आणि अनेकांस या छंदाची गोडी लागली.

परंतु इनुइटांची खरी विद्या युरोपीयांस पुष्कळ उशिरां साधली. कयाक उलटली तर तींतून बाहेर न पडतां, वल्ह्याचा फटकारा व कंबरेचा झोका देऊन, पाण्याखालून पुनः वर येण्याची ही विद्या. बर्फाळ समुद्रांत तीवांचून शिकाऱ्याचें जीवित राहत नसे. १९२७ सालीं एडी पावलाटा या ऑस्ट्रियन गृहस्थानें ध्रुवप्रवाशांचीं वर्णनें वाचून ती साध्य केली. जागाहि कशी शोधिली पाहा : समुद्रसपाटीपासून सुमारें ९३० मीटर उंचीवरचें वाइसेन्झे हें आल्प्सचें सरोवर. जोराच्या प्रवाहांत नव्हे, तर शांत जळांतच त्यानें उलटून सांवरण्याचा अभ्यास केला. शांत पाण्याचा खरा उपयोग बेफिकीर होण्याकरितां नसून शिकण्याकरितां आहे, याचें यापरतें चांगलें उदाहरण सांपडणार नाहीं.

अशीं पर्वतीय सरोवरें सकाळीं आरशासारखीं असतात. ऊन तापूं लागलें कीं डोंगरउतारावरची हवा वर चढते, तिची जागा घेण्यास खोऱ्यांतून वारा धांवतो आणि दुपारीं लाटा उठतात. दुसरें भय थंडीचें. वितळलेल्या बर्फाच्या पाण्यांत अकस्मात्‌ पडलेल्या माणसाचा श्वास सुमारें एक मिनिट आवरत नाहीं. दहाएक मिनिटांत हातपाय निकामी होऊं लागतात. उत्तम पोहणाराहि तेथें गारठून बुडतो. म्हणून तेथील जाणते लोक सकाळींच निघतात आणि किनाऱ्यालगत राहतात.

नागपूरच्या तळ्यांत बर्फ नाहीं. तरी आपल्याकडील धोके निराळे असले म्हणून ते लहान नव्हेत. वैशाखांत दिवसभर निवांत असलेलें पाणी सायंकाळच्या वादळी वाऱ्यानें क्षणांत खवळतें. जलपर्णीच्या जाळ्यांत वल्हें गुंततें. तळाच्या गाळांत पाय रुततात. आणि पाऊस तर पाण्याचें रूपच पालटतो : २३ सप्टेंबर १९२३ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २३ सप्टेंबर २०२३ रोजीं पहाटे मुसळधार पाऊस होऊन अंबाझरी ओसंडली आणि नाग नदीकांठच्या वस्त्यांत पाणी शिरलें. रोज फिरावयास जाण्याचें तळें तेंच. पण त्या पहाटे त्याचा चेहरा वेगळा होता.

याहून दुःखद प्रसंग ९ जुलै २०१७ चा. त्या रविवारीं नागपूरनजीकच्या वेणा जलाशयांत सहलीस गेलेल्या तरुणांची होडी उलटली आणि तींतील बहुतेक जण बुडून मृत्यु पावले. थोड्याच वेळापूर्वीं त्यांनीं होडींतूनच आपलें दृश्य मित्रांना दाखविलें होतें. त्यांच्या घरच्यांच्या दुःखापुढें उपदेशाचे शब्द थिटे आहेत. परंतु जे तरुण आज पाण्यावर जाऊं इच्छितात, त्यांच्याकरितां तरी कांहीं गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. होडीस झेपेल तेवढींच माणसें घ्यावीं. कोणींहि उभें राहूं नये, सर्वांनीं एका बाजूस झुकूं नये. अंगांत लाइफ जॅकेट असावें. तें होडींत ठेवून भागत नाहीं, बंद आवळून घातलेलें असावें. आभाळ भरून आल्यास किनारा गांठावा. होडी उलटलीच तर तिला सोडून पोहत सुटूं नये. उलटी होडीहि बहुधा तरंगते आणि दुरूनहि दिसते.

भय सांगितलें तें या छंदापासून परावृत्त करण्यासाठीं नव्हे. १९३६ सालच्या बर्लिन येथील ऑलिंपिकपासून कयाकच्या शर्यती त्या क्रीडामहोत्सवांत होत आल्या आहेत. आपल्या शेजारीं भोपाळच्या तलावावर या खेळाचें शिक्षण मिळतें. तेथें सराव केलेल्या प्राची यादव हिच्या पायांत बळ कमी आहे. तरी २०२३ सालीं हांगझोऊ येथील आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेंत तिनें कयाकच्या शर्यतींत सुवर्णपदक मिळविलें. जी होडी बसूनच चालवावयाची, तींत पायांची उणीव धडाच्या आणि बाहूंच्या बळानें भरून काढतां येते. कयाक उभें राहण्यास मुळींच वाव देत नाहीं. पण बसलेल्याला ती किती दूर नेते, हें या मुलीनें दाखवून दिलें.

म्हणून ज्याला पाण्यावर जावेंसें वाटतें, त्यानें अवश्य जावें. प्रथम पोहावयास शिकावें; मग जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीं, किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यांत, होडी मुद्दाम उलटवून तींतून सुटण्याचा सराव करावा. एवढें साधलें कीं संथ जळाचा आनंद निर्भेळ मिळतो. पाण्याला भिणाराहि बुडतो आणि पाण्याला न जुमानणाराहि बुडतो. त्याचा मान राखून वागणारा बहुधा सुखरूप किनाऱ्यास लागतो.