बुरशी पेशीला इजा कशी करते?

पाव फुगवणारे यीस्ट आपण वर्गात साखरपाण्यात घालून पाहतो. त्याचाच एक दूरचा भाऊबंद आपल्यापैकी अनेकांच्या तोंडात आणि आतड्यात वस्तीला असतो. त्याचे नाव कॅन्डिडा अल्बिकन्स. एरवी तो त्रास देत नाही. पण प्रतिजैविकांमुळे शेजारचे जिवाणू मेले किंवा शरीराची प्रतिकारशक्ती कमी झाली, की तो फोफावतो. तान्ह्या बाळाच्या जिभेवर कधी दह्यासारखे पांढरे चट्टे दिसतात, ते बहुधा याचेच.

ही बुरशी मुख्यतः दोन रूपांत आढळते : गोलसर सुट्या पेशी आणि लांब तंतू. तोंडाच्या किंवा योनीमार्गाच्या अस्तराला इजा होते ती तंतुरूपामुळे. तंतू अस्तराच्या पेशींत घुसताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. मग टाचणीने फुगा फुटावा, तशी पेशी नुसत्या घुसण्यानेच मरते का?

याचे उत्तर २०१६ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील आणि जर्मनीतील येना येथील शास्त्रज्ञांनी दिले. तंतू वाढताना बुरशीतील 'ईसीई-१' हे जनुक फार जोमाने काम करते. त्यांनी हे जनुक काढून टाकलेली बुरशी घेतली. तिचे तंतू नेहमीसारखे वाढले, पेशींत शिरलेही. पण पेशींना इजा झाली नाही! म्हणजे घुसणे वेगळे आणि इजा करणे वेगळे.

या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाचे बुरशी स्वतःच तुकडे करते. त्यांपैकी एक, अवघ्या ३१ अमिनो आम्लांचा तुकडा म्हणजे विष. त्याला कॅन्डिडालायसिन म्हणतात. ते पेशीपटलाला भोके पाडते. बाहेरचे कॅल्शियम आत शिरते, आतली द्रव्ये बाहेर गळतात आणि पेशी मरते.

गंमत अशी, की विष थोडे असतानाच पेशी त्याची चाहूल घेऊन धोक्याचा इशारा देतात आणि पांढऱ्या रक्तपेशी धावून येतात. तोंडात याने बुरशी आटोक्यात राहते. योनीमार्गात मात्र आलेल्या पांढऱ्या पेशी बुरशीला नीट मारू शकत नाहीत. उलट त्यांच्यामुळे दाह, लाली आणि खाज वाढते.

हा प्रयोग वर्गात जरूर सांगावा. बाकी सारे तसेच ठेवून एकच गोष्ट बदलली, तरच खरा गुन्हेगार सापडतो. नाहीतर आपण तंतूलाच दोषी धरून बसलो असतो.