वाकड्या भिंतीवर सरळ पेटी : जुन्या घरातले पाइप झाकताना

दांडिया बाजार, रावपुरा भागातले आपले कितीतरी जुने वाडे बांधले तेव्हा वरच्या मजल्यावर न्हाणीघर येईल, गिझर लागेल, असे कोणाच्या मनातही नव्हते. आजव्याचे पाणी शहरात आले, पुढे घराघरांत नळ वाढले आणि पाइप भिंतीवरूनच धावू लागले. ते आत घेण्यासाठी विटा-चुन्याच्या भिंतीत खाचा पाडू नयेत. गिलावा हातभर सुटून येतो आणि आतल्या लाकडी खांबालाही धक्का लागतो. त्यापेक्षा पाइपावर लाकडी पेटी करावी.

खरी अडचण भिंतीची. ओळंबा सोडून पाहा, कुठे पोट आलेले असते, कुठे खळगा. (सुतार गुजराती असेल तर तो ओळंबो म्हणेल, वस्तू तीच.) बहुतेक ठिकाणी सरळ फळी ठोकून फटीत पुट्टी भरतात. पावसाळ्यात लाकूड फुगते, मग आकसते, आणि पुट्टीला चीर जाते. काही जण पेटीच भिंतीबरोबर वाकवतात, ते तर दारातूनच डोळ्यांत खुपते. पेटीची बाहेरची कड ओळंब्यात हवी, वाकडेपणा फक्त भिंतीकडच्या कडेने घ्यावा.

त्यासाठी आधी भिंतीवर उभ्या पट्ट्या स्क्रूने बसवाव्या. खळग्याच्या जागी मागे लाकडाच्या चिपा सारून पट्टी ओळंब्यात आणावी. मग फळी भिंतीला टेकवून ओळंब्यात धरावी. ती पोटापाशी टेकेल, इतरत्र फट दिसेल. सर्वांत मोठी फट सहा सूत, म्हणजे पाऊण इंच असेल, तर तेवढ्याच जाडीचा ठोकळा घ्यावा. त्याला पेन्सिल लावून ठोकळा भिंतीला घासत वरून खाली आणावा. भिंतीची सगळी वळणे फळीवर उतरतात. त्या रेघेवर कापताना करवत थोडी आत तिरकी धरावी, म्हणजे फक्त दर्शनी कड भिंतीला भिडते आणि उरलेसुरले कानशीने घासता येते. पोटापाशी सहा सूत लाकूड जाणार, म्हणून फळी आधीच तेवढी रुंद घ्यावी. कोपऱ्यातल्या पेटीला दोन फळ्या लागतात, दोन्ही अशाच उतरवाव्या.

लाकूड सागवान किंवा आयएस ७१० शिक्क्याचे मरीन प्लाय. साधे प्लाय न्हाणीजवळ टिकत नाही.

पाइपाला आत मोकळीक हवी. तीन मीटरचा सीपीव्हीसी पाइप ४० अंश तापला की सुमारे आठ मिलिमीटर लांबतो. फळी घट्ट आवळलेली असेल तर तो कुरकुरतो, जोडावर ताण येतो.

पण सर्वांत जास्त घात होतो तो लपलेल्या गळतीने. चुन्याची भिंत ओल पिते, बाहेर टाकते. बंद पेटीत ती ओल कोंडते आणि वाळवीला आयते घर मिळते. वाड्याचा खांब आतून पोखरला गेला तरी कळत नाही. म्हणून पेटी जमिनीपासून बोटभर वर ठेवावी, वरही फट सोडावी. गळती झालीच तर पाणी लगेच फरशीवर दिसेल. दर्शनी फळी खिळ्यांनी किंवा सरसाने कायमची लावू नये, पितळी स्क्रू वापरावे. कॉकसमोर छोटे दार करावे.

आणि फळी लावण्याआधी टाकी भरून दोन दिवस प्रत्येक जोडावरून कोरडा कागद फिरवून पाहावा.