पोटातल्या ओलीवर उभी ज्वारी

जानेवारीच्या मध्याला मंगळवेढ्याच्या शिवारात उभे राहिले की पायाखालची जमीन पाहून जीव दडपतो. काळ्या मातीला हाताचा पंजा सहज आत जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. शेवटचा पाऊस ऑक्टोबरात पडून गेलेला. विहिरीचे पाणी नाही, कालव्याचा पाट नाही, ठिबकची नळी नाही. आणि त्याच जमिनीत डोक्याच्या वर गेलेली मालदांडी ज्वारी हिरवीगार उभी असते, कणसांत दाणा भरत असतो. पाहुण्याला हा चमत्कार वाटतो. गावातल्या माणसाला विचारले तर तो एवढेच म्हणतो, ‘ओलीवर आलीय.’

या दोन शब्दांचा उलगडा करायचा तर आधी मातीत उतरावे लागते. सोलापूर, बीड, अहिल्यानगरचा दक्षिण भाग हा आपला अवर्षणप्रवण पट्टा. इथे पाऊस कमी तर पडतोच, शिवाय त्याचा मोठा हिस्सा सप्टेंबरात पडतो. म्हणून इथल्या शेतकऱ्याने पिढ्यान् पिढ्या खरिपात भारी जमीन मोकळी ठेवली, कुळवाच्या पाळ्या घालून तण काढले, बांध धरले, पडेल तो थेंब जमिनीत जिरवला आणि वापसा येताच पाभर धरली. त्याने जमिनीचाच हौद केला. हौद खरोखरच मोठा आहे. दख्खनच्या सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून ही माती झाली. तिच्यातल्या चिकणमातीचे कण अभ्रकासारखे पापुद्र्यांचे असतात. पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरले की माती फुगते, पाणी निघून गेले की आक्रसते आणि भेगाळते. मीटरभर खोलीच्या अशा मातीत पिकाला घेता येईल असे साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी मावते. एक मिलिमीटर म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर. म्हणजे पेरणीच्या दिवशी हेक्टरभर शेताच्या पोटात किमान पंधरा लाख लिटर पाणी असते. त्यात पुढचे चार महिने भर पडेलच असे नाही. जे आहे त्यावरच कणीस भरायचे.

भेगा म्हणजे या हौदाची गळती. त्यांतून वारा खोलवर जातो आणि खालची ओल उडवून नेतो. यावर उपाय कोळप्याचा. पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपणी करावी, तिसरी दातेरी कोळप्याने, ही शिफारस आज कृषी विद्यापीठे करतात. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी’ ही म्हण मात्र त्याहून जुनी आहे. कोळप्याने वरची दोन-तीन बोटे माती भुसभुशीत होते, भेगा बुजतात आणि खालच्या ओलीची वर येण्याची वाट तुटते. कोरड्या मातीचा तो थर पांघरुणाचे काम करतो. सोलापुरात १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले, त्यातही मुख्य प्रश्न हाच होता: पडलेले पाणी जमिनीत मुरवायचे कसे आणि मुरलेले धरून ठेवायचे कसे.

पण हौद भरलेला असला तरी तो कोण वापरतो यावर सगळे अवलंबून. पान हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला आपली रंध्रे उघडते आणि त्याच दारातून पाणी बाहेर पडते. वनस्पतीचा सगळा संसार या एका व्यवहारावर चालतो. कार्बन हवा असेल तर पाणी मोजावे लागते. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या ॲक्रन इथे ब्रिग्ज आणि शांट्झ या दोन शास्त्रज्ञांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कुंड्यांत पिके वाढवून हा हिशेब मांडला. एक किलो कोरडा पाला, धांडे, दाणा तयार करायला ज्वारीला सव्वातीनशे किलोच्या आसपास पाणी लागले. गव्हाला पाचशेच्या वर, लसूणघासाला आठशेच्या वर.

हा फरक का, ते कळायला १९६६ साल उजाडावे लागले. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला हॅच आणि स्लॅक यांनी उसाच्या पानात कार्बनची एक वेगळी वाट शोधून काढली. ज्वारी, मका, बाजरी याच वाटेने जातात. गहू, भात, हरभरा या पिकांत कार्बन पकडण्याचे काम रुबिस्को नावाचे विकर थेट करते. ते जुने आणि जरा चुकार आहे. कार्बन डायऑक्साइडऐवजी ते मधूनच ऑक्सिजन पकडते, आणि मग ती चूक निस्तरण्यात पिकाने कमावलेला कार्बन आणि ऊर्जा दोन्ही खर्ची पडतात. ऊन वाढले की चुका वाढतात. ज्वारीच्या पानात कार्बन आधी बाहेरच्या पेशींत दुसरेच एक विकर पकडते, जे ऑक्सिजनला फसत नाही. तिथून तो आतल्या पेशींत नेऊन कोंडला जातो आणि त्या कोंडलेल्या जागेत रुबिस्को बिनचूक काम करते. पानाचा पातळ आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर प्रत्येक शिरेभोवती गर्द हिरव्या पेशींचे कडे दिसते. जर्मन भाषेत त्याला ‘क्रांझ’, म्हणजे फुलांचा हार, असे नाव पडले ते त्यामुळेच. कार्बन असा कोंडून ठेवता येत असल्याने रंध्रे सताड उघडी ठेवण्याची गरज उरत नाही. दार किलकिले ठेवूनही ज्वारीचे भागते.

मला मात्र ज्वारीची याहून मोठी करामत वाटते ती तिच्या खर्चाच्या शिस्तीत. रब्बी ज्वारीचा खरा कसोटीचा काळ फुलोऱ्यानंतरचा. तोवर वरची ओल संपलेली असते आणि दाणा भरायला पाणी तर तेव्हाच लागते. ज्या वाणांनी आधीच्या दोन महिन्यांत पाला फोफावून पाणी उडवले, ते इथे माघार घेतात. पाने वाळतात. धांड्यातला साठा कणसाकडे ओढला जातो, धांडे पोकळ पडते, जमिनीतली बुरशी त्यात शिरते आणि वाऱ्याच्या एका झोताने अख्खा फड आडवा होतो. यालाच खडखड्या म्हणतात. याच्या उलट काही वाण शेवटपर्यंत हिरवे राहतात. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासातून दिसले की त्यांचे फुटवे कमी आणि वरची पाने लहान असतात. म्हणजे ते सुरुवातीलाच हात राखून वाढतात आणि वाचवलेले पाणी दाण्यासाठी ठेवतात. हैदराबादजवळ पाटणचेरूला ‘इक्रिसॅट’ संस्थेत मातीने भरलेल्या उंच नळ्यांत ज्वारी वाढवून, नळ्या वरचेवर तोलून, कोणते झाड कोणत्या आठवड्यात किती पाणी पिते हे मोजले गेले. काही झाडे तर भर दुपारी हवा फारच कोरडी झाली की आपली रंध्रे मिटून घेतात आणि पुढच्यासाठी पाणी राखतात. १९३० च्या दशकात मोहोळच्या केंद्रात स्थानिक ज्वारीतून ‘मालदांडी ३५-१’ निवडली गेली, तेव्हा यातले काहीच ठाऊक नव्हते. निवडणाऱ्यांनी शेतात काय टिकते आणि भाकरीला काय गोड लागते ते पाहिले. नव्वदेक वर्षांनंतरही तो वाण शेतात आहे. सरकारच्या हमीभावाच्या यादीत ‘मालदांडी’ची नोंद आजही स्वतंत्र असते.

जमिनीखाली आणखी एक गोष्ट चालते. शेतात टाकलेल्या नत्राचा मोठा भाग पिकाला मिळतच नाही. अमोनियाच्या रूपातले नत्र मातीला धरून राहते, पण जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेट पाण्याबरोबर वाहून जाते किंवा नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जाते, आणि हा वायू उष्णता अडवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट भारी आहे. ज्वारीची मुळे काही द्रव्ये मातीत सोडतात, आणि ती त्या जिवाणूंचा वेग कमी करतात. जपानच्या ‘जिर्कास’ संस्थेतले जी. व्ही. सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही द्रव्ये वेगळी करून दाखवली. त्यांतले सॉर्गोलिऑन हे तर नावातच ज्वारी घेऊन आले आहे. खत वाया जाऊ नये म्हणून आपण युरियाला निंबोळी तेल चोळतो. ज्वारी तेच काम मुळाच्या टोकाशी, जिथे गरज आहे नेमके तिथे करते. हा गुण सगळ्या वाणांत सारखा नसतो, म्हणून तो मोजून निवडता येईल. आपल्या पैदासकारांनी यात मन घालावे असे मला फार वाटते.

शिवाय ज्वारी एकटी नसायची. कडेने करडईचे तास असत. तिचे काटे जनावरांना शेतात शिरू देत नाहीत आणि तिचे सोटमूळ दोन मीटरच्याही खाली जाऊन तिथली ओल घेते. ज्वारीला जिथवर पोचणे जड जाते, तिथे करडईची सुरुवात होते. जोडीला हरभरा असेल तर तो आपले नत्र बरेचसे हवेतूनच मिळवतो. निसर्गातल्या गवताळ रानात हेच दिसते: शेजारी राहणाऱ्या वनस्पती वेगवेगळ्या थरांतून आणि वेगवेगळ्या वेळी पाणी उचलतात, म्हणून एकमेकींच्या तोंडचा घास काढत नाहीत.

आता या सगळ्या मांडणीलाच हवामान धक्का देऊ लागले आहे. वायव्येकडून मोसमी पाऊस परतायला लागण्याची सरासरी तारीख पूर्वी १ सप्टेंबर धरत. हवामान खात्याने २०२० साली ती १७ सप्टेंबर केली. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या मध्यात सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. रब्बी ज्वारीच्या पेरणीची योग्य वेळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. या महिन्यात जमीन चिखलात राहिली तर वापसा येत नाही, पेरणी लांबते आणि दाणा भरण्याची वेळ फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात जाते. उलट घाई करून लवकर पेरले तर कोवळ्या पोंग्याला खोडमाशी गाठते. पाऊस भरपूर झाला म्हणजे ज्वारी बरी येईल असे नाही. तो जिरायला हवा आणि वेळेवर थांबायलाही हवा. म्हणून उतारावर लहान वाफे करून पावसाळ्यातच पाणी अडवणे आणि जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण निवडणे, हलक्या रानात ‘फुले अनुराधा’, मध्यम रानात ‘फुले सुचित्रा’, भारी रानात ‘फुले वसुधा’, या साध्या गोष्टींचे मोल पूर्वीपेक्षा वाढले आहे.

हवेतला कार्बन डायऑक्साइडही वाढतो आहे. हवाई बेटावर १९५८ साली मोजणी सुरू झाली तेव्हा तो दशलक्ष भागांत सुमारे ३१५ होता. आता ४२० च्या पुढे गेला आहे. गहू-भातासारख्या पिकांना यातून थोडी वाढ मिळते, पण दाण्याचा कस घटतो. २०१४ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, या शतकाच्या मध्यापर्यंत अपेक्षित असलेल्या हवेत वाढवलेल्या गव्हात जस्त सुमारे ९ टक्के आणि लोह ५ टक्के कमी भरले. ज्वारी आणि मक्यावर हा परिणाम त्या मानाने कमी दिसला. ज्या देशात घरोघरी बायका-मुलांना रक्तक्षय आहे, तिथे या आकड्यांकडे दुर्लक्ष करता येणार नाही.

आणि तरी गेल्या काही दशकांत ज्वारीचे क्षेत्र घटतच गेले. सोलापुरात तिची जागा जागोजागी उसाने घेतली. ऊस हा ज्वारीचा जवळचा नातलग, कार्बन पकडण्याची रीतही तीच. पण त्याला वर्ष-दीड वर्षात दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते. ज्वारी त्याच्या दहाव्या हिश्शावर येते. ऊस लावणाऱ्याला दोष देणे अन्याय्य आहे. त्याच्या मालाला कारखाना आणि ठरलेला दर आहे, ज्वारीला हमीभाव जाहीर होतो पण खरेदीची खात्री नाही, काढणीला माणूस मिळत नाही, कडब्याच्या पेंढ्या बांधणे कष्टाचे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि शहरातल्या दुकानांत ज्वारीची बिस्किटे आली. शेतकऱ्याला त्यापेक्षा बिनतक्रार खरेदी आणि उभ्या धांड्यात चालणारे काढणी यंत्र हवे आहे. ही कामे सरकारची आहेत आणि ती झालेली नाहीत.

एक काम मात्र आपल्या हातात आहे. पाटणचेरूच्या जनुकपेढीत ज्वारीचे चाळीस हजारांहून अधिक नमुने थंडीत जपून ठेवले आहेत. ती मोठीच ठेव आहे, पण गोठवलेले बी बदलत्या हवामानाला शिकत नाही. ते शिकते शेतात, दर वर्षी पेरले गेले तरच. हुरड्याची गुळभेंडी, कुचकुची, टणक दाण्याची दगडी, लाह्यांची ज्वारी हे वाण आज थोड्याच घरांत पेरले जातात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा नाव घेऊन मागण्याची सोयही आता आहे. तुमच्या घरी आठवड्यातून चार दिवस भाकरी होत असेल तर ज्वारी रब्बीची आहे का, कोणत्या गावची, कोणत्या वाणाची, हे दुकानदाराला विचारा. आणि तुमचे रान असेल, आजीच्या गाडग्यात एखाद्या जुन्या ज्वारीचे पसाभर बी उरले असेल, तर येत्या सप्टेंबरात त्याचे चार तास तेवढे पेरा.