नरक्या, सदाफुली आणि वृषणाचा कर्करोग
कोल्हापूर जिल्ह्याच्या घाटमाथ्यावरील जंगलांत आढळणाऱ्या नरक्यापासून कॅम्प्टोथेसिन हे अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतील नायट्रोजनयुक्त द्रव्य, मिळते आणि त्याच्या आधारे अंडाशयाच्या व मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील औषधे तयार होतात. तथापि यावरून कोणत्याही झाडपाल्याचा काढा कोणत्याही गाठीवर चालेल, असा अर्थ काढणे धाडसाचे आहे.

वृषणाच्या कर्करोगाशी खरा संबंध आहे तो परसातल्या सदाफुलीचा. मधुमेहावरील घरगुती उपाय म्हणून तिच्या पानांचा अर्क कॅनडात उंदरांवर तपासला गेला, तेव्हा साखर उतरली नाही, मात्र रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या, आणि त्या आडवाटेने १९५८ मध्ये विनब्लास्टिन हाती आले. १९७४ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते ब्लिओमायसिन आणि सिसप्लॅटिन यांच्या जोडीने दिले व पसरलेला आजारही बरा होऊ लागला. यातील सिसप्लॅटिन हे प्लॅटिनम धातूचे संयुग असून झाडपाल्याशी त्याचे काही नाते नाही. ग्रॅमभर विनब्लास्टिनला सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात, ते मोजून शिरेतून द्यावे लागते, त्यामुळे मूठभर पानांच्या काढ्यात औषध किती उतरले हे वैद्यालाही सांगता येणार नाही.

हा आजार मुख्यतः तरुणांत, बहुधा न दुखणाऱ्या कडक गाठीच्या रूपाने दिसतो. सोनोग्राफी आणि एएफपी, एचसीजी या रक्ततपासण्यांनी निदानाला दिशा मिळते, पण संकोचापोटी आधी लेप लावून पाहिला जातो आणि महिने निघून जातात.